अपघातात चूक दोघांची, मग भरपाई कोणाला?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रातले सगळे रस्ते उसाचे होतात. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, टायरगाड्या, बैलगाड्या, मधूनच एखादा मालट्रक, आणि या सगळ्यांतून वाट काढणाऱ्या मोटारसायकली. काट्यापुढची रांग वाढत वाढत हमरस्त्याला लागते. त्यात एखाद्या ट्रॉलीचे टायर फुटले किंवा एक्सल मोडला, की भरलेली ट्रॉली जागेवरच सोडून ट्रॅक्टर निघून जातो. रात्री त्या ट्रॉलीचा मागचा भाग अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नाही.

अशा ठिकाणी अपघात झाला की गावात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. जखमीच्या किंवा मयताच्या घरी लोक म्हणतात, "चूक आपल्याच माणसाची होती, आता कोर्टात जाऊन काय पदरात पडणार?" आणि ट्रॉलीवाला म्हणतो, "माझी गाडी तर उभी होती. तोच येऊन धडकला. माझा काय संबंध?"

ही दोन्ही वाक्ये कायद्याला धरून नाहीत. पहिल्या वाक्यामुळे हक्काची भरपाई मागायची राहून जाते, आणि दुसऱ्या वाक्याच्या भरवशावर बसलेला मालक पुढे अडचणीत येतो. आपल्या कित्येक सभासदांच्या दारात ट्रॉलीही आहे आणि मोटारसायकलही आहे, म्हणजे आज ना उद्या दोन्ही बाजूंचा प्रश्न आपल्याच घरात येऊ शकतो. म्हणून अपघातात दोघांचीही थोडीथोडी चूक असेल तर कायदा काय करतो, हे येथे शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडले आहे.

चुकीचीही वाटणी होते

मोटार वाहनामुळे अपघात होऊन कोणी जखमी झाला किंवा दगावला, तर भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. बोलण्यात याला 'एमएसीटी' म्हणतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली हा दावा करता येतो. अपघात जेथे झाला तेथे, दावा करणारा जेथे राहतो तेथे, किंवा ज्याच्यावर दावा करायचा तो जेथे राहतो तेथे, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात तो दाखल होतो.

या दाव्यात न्यायाधिकरण आधी दोन गोष्टी ठरवते. अपघात कोणाच्या निष्काळजीपणामुळे झाला ही पहिली, आणि एकूण नुकसान किती ही दुसरी. जखमी झालेल्या माणसाचा स्वतःचाही निष्काळजीपणा अपघाताला कारण झाला असेल, तर त्याला 'अंशदायी निष्काळजीपणा' म्हणतात. वकील मंडळी 'कॉन्ट्रिब्युटरी निग्लिजन्स' म्हणतात ते हेच. तसे ठरले तर त्याच्या चुकीचा वाटा काढला जातो आणि तेवढीच रक्कम भरपाईतून वजा होते. रुपयात चार आणे चूक त्याची असेल, तर बारा आणे भरपाई त्याला मिळते. आठ आणे असेल, तर आठ आणे मिळते.

काट्यावर भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा होते, म्हणून कोणी ऊसच घ्यायचा नाकारत नाही. तसेच हे आहे. आपल्या चुकीचा वाटा वजा होतो, दावा बाद होत नाही. दुसऱ्या कोणाचीच काही चूक नसेल आणि सोळा आणे चूक आपलीच असेल, तेव्हाच कलम १६६ खाली काही मिळत नाही.

हा नियम आला कोठून

पूर्वी असे नव्हते. आपल्याकडचा हा कायदा मुळात इंग्रजी न्यायालयांच्या निकालांवरून आला, आणि तेथला जुना नियम फार कडक होता. १८०९ सालचा एक प्रसिद्ध खटला आहे. इंग्लंडमधील डर्बी गावात एकाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यात आडवा वासा टाकून ठेवला होता. संध्याकाळी एक जण घोडा भरधाव पिटाळत आला आणि वाशाला अडखळून पडला. वासा दुरून दिसण्याइतका उजेड होता, घोडा सावकाश हाकला असता तर अपघात टळला असता, असे ठरले आणि त्या जखमीला एक पैसाही मिळाला नाही. वासा टाकणारा मोकळा सुटला. थोडी जरी चूक आपली असली तरी सगळे गेले, असा तो नियम होता.

या नियमातला अन्याय पुढे न्यायालयांच्याच ध्यानात आला. १८४२ साली दुसरा खटला झाला. एकाने आपल्या गाढवाचे पुढचे पाय बांधून ते रस्त्याकडेला चरायला सोडले होते. तीन घोड्यांची गाडी वेगात आली आणि गाढव चिरडले गेले. गाढव असे रस्त्यात सोडणे चूकच होते, पण गाडीवानाने लक्ष ठेवले असते तर अपघात टाळता आला असता, म्हणून गाढवाच्या मालकाला भरपाई मिळाली. अपघात टाळण्याची शेवटची संधी ज्याच्या हाती होती, तो जबाबदार, असा विचार त्यातून पुढे आला. शेवटी १९४५ साली इंग्लंडने कायदाच केला आणि चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी करावी असे ठरवले.

आपल्या देशासाठी असा स्वतंत्र केंद्रीय कायदा झालेला नाही. पण मोटार अपघाताच्या दाव्यांत 'न्याय्य' वाटेल ती भरपाई ठरवण्याचा अधिकार कायद्याने न्यायाधिकरणाला दिला आहे, आणि त्या अधिकारात आपली न्यायालये चुकीची वाटणी करत आली आहेत. रस्त्यात टाकलेला वासा आणि रस्त्यात सोडलेली ट्रॉली यांत फारसा फरक नाही. फरक एवढाच, की आजच्या कायद्यात दोघांचाही हिशेब होतो.

गाडीत बसलेल्याची चूक नसते

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. चुकीचा वाटा वजा होतो तो स्वतः चूक करणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा. मोटारसायकलच्या मागे बसलेली पत्नी, जीपमधले वऱ्हाडी, एस.टी.तले उतारू यांच्या हातात गाडी नसते. दोन गाड्यांच्या चालकांची चूक होऊन असा तिसराच माणूस जखमी झाला, तर त्याला 'संयुक्त निष्काळजीपणा' म्हणतात. अशा माणसाच्या भरपाईतून चालकाची चूक वजा करता येत नाही.

एवढेच नव्हे, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले आहे की असा जखमी आपली पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणत्याही एका वाहनाच्या मालकाकडून व विमा कंपनीकडून मागू शकतो. त्या दोघांनी आपसात वाटणी करायची ती नंतर करावी. तिच्यासाठी जखमीला ताटकळत ठेवायचे कारण नाही. २०२४ सालच्या एका निकालातही न्यायालयाने म्हटले आहे, की चालकाची चूक गाडीतल्या प्रवाशांच्या माथी मारून त्यांची भरपाई कमी करता येणार नाही.

म्हणून, "गाडी तुझाच नवरा चालवत होता ना?" असे विचारून कोणी एखाद्या जखमी बाईला गप्प बसवत असेल, तर ते कायद्याने बरोबर नाही. लहान मुलांचेही तसेच. पाच-सहा वर्षांच्या पोराकडून मोठ्या माणसाएवढ्या सावधपणाची अपेक्षा कायदा करत नाही.

रुपयांत हिशेब

चार आणे, आठ आणे म्हणजे प्रत्यक्षात किती, हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, ३८ वर्षांचा एक शेतकरी अपघातात दगावला. त्याचे उत्पन्न महिना १५,००० रुपये असल्याचे सिद्ध झाले. घरी पत्नी, दोन मुले आणि आई, असे चौघे त्याच्यावर अवलंबून होते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ साली जी पद्धत घालून दिली आहे, तिच्याप्रमाणे हिशेब असा होतो:

वर्षाचे उत्पन्न १,८०,००० रुपये. वय ४० च्या आत आणि व्यवसाय स्वतःचा, म्हणून पुढील वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे. झाले २,५२,००० रुपये. अवलंबून असणारे चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करायचा. राहिले १,८९,००० रुपये. ३६ ते ४० या वयोगटाला १५ चा गुणक आहे. १,८९,००० गुणिले १५ म्हणजे २८,३५,००० रुपये. अंत्यविधी, सहवासाचे नुकसान वगैरेंपोटी ठरलेल्या रकमा यात आणखी मिळतात. त्या सध्या बाजूला ठेवू.

आता या शेतकऱ्याची चूक रुपयात चार आणे ठरली, तर ७,०८,७५० रुपये वजा होऊन २१,२६,२५० रुपये राहतात. आठ आणे ठरली, तर १४,१७,५०० रुपये राहतात. पुराव्याच्या एका कागदाने चुकीचा वाटा चार आण्यांवरून आठ आण्यांवर गेला, तर घरच्यांचे सात लाख रुपये जातात. आणि "चूक आपलीच होती" म्हणून दावाच केला नाही, तर चौदा ते एकवीस लाखांवर आपण आपल्या हाताने पाणी सोडले असे होते.

नियम मोडला म्हणजे अपघाताची चूक झालीच का?

विमा कंपनीचे वकील नेहमी काही ठरावीक मुद्दे काढतात. गाडीवर तिघे होते, लायसन नव्हते, हेल्मेट नव्हते. घरची माणसे हे ऐकूनच खचतात. पण न्यायालयाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. नियम मोडला का, एवढे पाहून भागत नाही. त्या नियमभंगामुळे अपघात घडला का, हे पाहावे लागते.

२०२० साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले. मोटारसायकलवर तिघे बसले होते आणि मागून मोटारीने धडक दिली. उच्च न्यायालयाने तिघे बसल्याबद्दल भरपाईतून १० टक्के कापले होते. सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. तिघांनी बसणे कायद्याविरुद्ध आहे हे खरे, पण तिघे बसल्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली असे दाखवल्याशिवाय, नुसत्या नियमभंगावरून त्यांची चूक धरता येत नाही, असा तो निकाल आहे. लायसनबाबतही २००८ सालचा निकाल आहे. लायसन नसणे हा गुन्हा आहे, त्याचा दंड वेगळा होईल. पण दुसऱ्याने येऊन धडक दिली असेल, तर केवळ लायसन नव्हते म्हणून अपघाताची चूक जखमीवर येत नाही.

हेल्मेटचा मुद्दा थोडा निराळा आहे. हेल्मेट नसल्याने धडक होत नाही, ही गोष्ट खरी. पण डोक्यालाच मार लागला असेल, तर हेल्मेट असते तर इजा कमी झाली असती, असे विमा कंपनी म्हणतेच. पाय मोडला असेल तर त्या मुद्द्यात काही दम राहत नाही.

मात्र यावरून कोणी, "मग तिघे बसायला हरकत नाही," असा अर्थ काढू नये. तिघे बसल्यामुळे गाडीचा तोल गेला असे साक्षीपुराव्यात आले, तर कपात होईलच. भरपाईतून गेलेला जीव परत येत नाही, हे सांगायला कायद्याचे पुस्तक लागत नाही.

उभ्या गाडीचा संबंध आहे

आता ट्रॉलीमालकांच्या वाक्याकडे येऊ. "गाडी उभी होती" हा बचाव होऊ शकत नाही. ती कोठे उभी होती आणि कशी उभी होती, हे पाहिले जाते. दुसऱ्यांना धोका होईल अशा रीतीने सार्वजनिक रस्त्यावर वाहन सोडून जाण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ ने मनाई केली आहे.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या एका प्रकरणात गॅसचा टँकर रात्री रस्त्याच्या मध्येच उभा होता. दिवे नाहीत, इशारा नाही. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांनी डोळे दिपले आणि मोटार टँकरवर जाऊन आदळली. उच्च न्यायालयाने मोटारचालकाची निम्मी चूक धरली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो भाग रद्द केला आणि सगळी जबाबदारी टँकरच्या बाजूला टाकली. २०२४ सालचा जो निकाल वर सांगितला, त्यातही चौदा चाकी ट्रेलर महामार्गावर विनाइशारा सोडून दिलेला होता, आणि तेथेही निम्म्या-निम्म्या चुकीची वाटणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही.

म्हणजे उभ्या वाहनावर धडकणारा प्रत्येक जण निर्दोष सुटतो, असेही नव्हे. ट्रॉली रस्ता सोडून कडेला होती, मागे रिफ्लेक्टर होते, दिवा होता, आणि तरीही कोणी भरधाव येऊन धडकला, तर त्याच्या चुकीचा वाटा मोठा धरला जाईल. म्हणून दहा-वीस रुपयांची लाल रिफ्लेक्टरची पट्टी ही मालकाच्या बाजूचा पुरावाही आहे.

बैलगाडीवाल्यांनीही हे ध्यानात ठेवावे. मागून ट्रकने बैलगाडीला ठोकले तर ट्रकवर दावा होतो. पण रात्री गाडीला कंदील नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, गाडी रस्त्याच्या मधून चालली होती असे निघाले, तर गाडीवानाच्या भरपाईतून त्याचा वाटा वजा होण्याची शक्यता असते.

वाटणी पुराव्यावर ठरते

चुकीचा वाटा ठरवण्याचे काही कोष्टक नाही. प्रत्येक प्रकरणात जो पुरावा येतो, त्यावर तो ठरतो. जखमीची चूक होती असे विमा कंपनी म्हणत असेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते. समोरासमोर धडक झाली म्हणजे निम्मे-निम्मे ठरूनच गेले, असा समज पुष्कळांचा आहे. पण अपघातानंतर वाहने कोठे पडली होती, एवढ्याच पंचनाम्यातल्या वर्णनावरून कोणाची चूक हे ठरवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले आहे. प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष मोलाची असते.

कित्येकदा पोलिसांची पहिली फिर्याद मयतावरच दाखल होते, कारण बोलायला तो नसतो. अशा वेळी घरचे हताश होतात. परंतु फिर्याद म्हणजे निकाल नव्हे. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधिकरणापुढे मात्र कोणत्या बाजूचे म्हणणे अधिक संभवनीय आहे, हे पाहिले जाते. तेथे स्वतंत्र पुरावा देता येतो. म्हणून अपघात झाल्यावर, जखमीला दवाखान्यात हलवल्यानंतर, पुढील गोष्टी घरच्या किंवा शेजारच्या जाणत्या माणसाने कराव्यात:

१. दोन्ही वाहनांचे, रस्त्याचे, टायरच्या खुणांचे आणि मागच्या दिव्यांचे व रिफ्लेक्टरचे फोटो मोबाईलवर काढावेत. ट्रॉली हलवण्याआधी काढावेत. दुसऱ्या दिवशी तिला नवे रिफ्लेक्टर लागलेले असू शकतात.

२. अपघात पाहणाऱ्यांची नावे व पत्ते त्याच दिवशी लिहून घ्यावेत. महिन्याने कोणाला आठवत नाही, आणि आठवले तरी कोणी पुढे येत नाही.

३. पंचनामा होताना हजर राहावे. दिवा नव्हता, ट्रॉली डांबरी रस्त्यावर होती, उजेड किती होता, या गोष्टी त्यात आल्या की नाही ते पाहावे. जबाब वाचून, समजून घेऊनच सही किंवा अंगठा करावा.

४. दवाखान्यात अपघात कसा झाला हे विचारतात, ते केसपेपरवर लिहिले जाते. गडबडीत कोणीतरी "गाडीवरून घसरून पडला" असे सांगतो, आणि तोच कागद पुढे विमा कंपनी दाखवते. जे घडले तेच सांगावे.

५. "गावातच मिटवून टाका," असे म्हणून कोणी स्टॅम्पपेपर पुढे केला, तर घाईने सही करू नये. "चूक आमची होती, आमची काही तक्रार नाही," असे एक वाक्य त्यात असले, तरी वरच्या हिशेबातले लाखो रुपये धोक्यात येतात.

पाच लाखांचा रस्ता आणि त्यातली अट

कोणाची चूक होती हे सिद्ध न करताही काही रक्कम मिळण्याची सोय कायद्यात आहे. १९८२ साली जुन्या कायद्यात ती प्रथम आली, तेव्हा मृत्यूसाठी १५,००० रुपये होते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ प्रमाणे मृत्यू झाल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास २.५ लाख रुपये मिळतात. यात चुकीच्या वाटणीचा वादच येत नाही. सगळी चूक आपल्याच माणसाची ठरण्याची भीती असेल, तेव्हा हा मार्ग उपयोगाचा आहे.

पण यात एक अट आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. विमा कंपनीने ठरलेल्या पद्धतीने देऊ केलेली ही रक्कम स्वीकारली, की कलम १६६ खालचा मोठा दावा संपुष्टात येतो. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या कुटुंबाने घाईघाईने ५ लाख स्वीकारले, तर आठ आणे चूक धरूनही मिळू शकले असते ते १४ लाख गेले. म्हणून कोणता मार्ग घ्यायचा, हे वकिलाला सगळे कागद दाखवूनच ठरवावे.

मुदतीचेही तसेच. १९९४ नंतर बरीच वर्षे दाव्याला मुदत नव्हती, त्यामुळे "करू सावकाश" अशी सवय लागली आहे. आता १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा, अशी तरतूद आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर कोणी बसू नये. दिवसकार्य आटोपले की कागद गोळा करायला लागावे. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि इतर पात्र व्यक्तींना तालुका व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड करता येते, परंतु तेथे झालेल्या निवाड्यावर अपील नसते, हे जाणून तडजोड करावी.

वाहनमालकांसाठी

चुकीचा वाटा ट्रॉलीवर आला की तो वाटा विमा कंपनी भरते, जर विमा असेल तर. ट्रॅक्टरचा विमा आहे पण ट्रॉलीची नोंदणी नाही, विमा नाही, चालकाकडे लायसन नाही, अशा अवस्थेत कंपनी हात वर करते किंवा जखमीला रक्कम देऊन ती मालकाकडून वसूल करते. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किंवा ट्रॉलीवर माणसे बसवणाऱ्यांनी तर विशेष सावध राहावे. २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे ट्रॅक्टर-ट्रॉलीवरून पडलेल्या एका मजुराचे प्रकरण आले होते. विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही असे न्यायालयाने म्हटले. तो मजूर गरीब होता म्हणून कंपनीने आधी त्याला पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश झाला. म्हणजे शेवटी पैसे मालकाच्याच खिशातून जायचे.

न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम भरली नाही, तर कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे तिची वसुली होऊ शकते. थकबाकीच्या वसुलीत जमिनीवर काय येते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

तेव्हा ट्रॉली रस्त्यावर काढण्यापूर्वी मागे-पुढे रिफ्लेक्टर आहेत का, मागचा दिवा लागतो का, उसाच्या मोळ्यांनी तो झाकला तर गेला नाही ना, हे रोज पाहावे. ट्रॉली बंद पडली तर आधी ती डांबरी रस्त्यावरून खाली घ्यावी. घेता येत नसेल तर मागे बऱ्याच अंतरावर इशारा ठेवावा आणि माणूस बसवावा. माणूस न ठेवता ट्रॉली सोडून जाऊ नये. आपल्या नावाच्या वाहनाचा विमा काढताना मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा चालू आहे का, तेही पाहावे. चूक स्वतःची असली तरी तो मिळतो. मात्र लायसन चालू असले पाहिजे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. जमिनीच्या बांधावरून भांडणाऱ्यांसाठी ते शहाणपणाचे आहे. पण ज्या घरातला कर्ता माणूस गेला किंवा अंथरुणाला खिळला, त्या घराने ही पायरी चढलीच पाहिजे. ती पायरी भांडणाची नाही. मुलांच्या शिक्षणाची आणि दवाखान्याच्या बिलाची ती सोय आहे. आपल्या माणसाची चार आणे चूक असली तरी बाकीच्या बारा आण्यांवर त्याच्या घरच्यांचा हक्क आहे. गटातल्या, वस्तीवरच्या अशा एखाद्या घरी "आता काय उपयोग?" असे कोणी म्हणत असेल, तर वाचणाऱ्या सभासदांनी हा हिशेब त्या घरी जाऊन समजावून सांगावा, आणि सहा महिन्यांची मुदत कोणत्या तारखेला संपते, ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून द्यावी.